गाडी फोर बाय फोर आहे, पण जायचं कुठे? ऑफरोडवाल्यांसाठी जिओकॅशिंग

फोर बाय फोर गाडी घेतलेल्या माणसाला सहा महिन्यांत एक प्रश्न पडतोच. गाडी आहे, डिझेल आहे, रविवारही मोकळा आहे, पण जायचं कुठे? त्याच टेकडीवर दहाव्यांदा गाडी चढवून उतरवली की व्हिडिओसुद्धा सारखेच दिसायला लागतात. मग कोणीतरी ओढ्यात गाडी घालतो, कोणीतरी कोणाच्या तरी रानातून काढतो आणि छंदाचं रूपांतर भांडणात होतं.

या ‘जायचं कुठे’ला पंचवीस वर्षांपासून जगभर एक उत्तर वापरलं जातंय. त्याचं नाव जिओकॅशिंग. मी शेवगावचा. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे आठवडाभर स्क्रीनसमोर. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन मित्र आणि दोन गाड्या घेऊन आम्ही शिवारात फिरतो. या लेखात जिओकॅशिंग म्हणजे काय, त्यामागचं तंत्रज्ञान कसं चालतं, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत, धरणाच्या काठाला, गायरानात हा खेळ कसा खेळावा आणि कुठे अजिबात खेळू नये, ते बघूया.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर लपवलेला डबा शोधायचा खेळ. एक माणूस एका जागी डबा ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा माणूस ते आकडे फोनमध्ये किंवा जीपीएस यंत्रात घालून तिथे पोहोचतो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून देतो. या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. उच्चार पैशांच्या कॅशसारखाच, पण अर्थ वेगळा: लपवून ठेवलेला साठा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा मेमरीतला कॅश तो हाच शब्द. घोळ नको म्हणून या लेखात मी सरळ ‘डबा’च म्हणणार आहे.

डब्यात छोट्या वस्तूही असतात. तुम्ही एखादी घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, हा रिवाज. काही वस्तूंवर एक कोड असतो. अशी वस्तू एका डब्यातून उचलून दुसऱ्यात ठेवायची आणि तिचा प्रवास वेबसाइटवर नोंदवायचा. २००४ मध्ये अमेरिकेत जीप कंपनीने याच पद्धतीने पिवळ्या रंगाच्या हजारो खेळण्यातल्या जीप डब्यांमधून फिरायला सोडल्या होत्या. म्हणजे ऑफरोड गाड्या आणि जिओकॅशिंग यांची सोयरीक तशी जुनीच आहे.

प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात, १ ते ५, मध्ये अर्ध्याची पायरी. पहिला गुण शोधायला किती डोकं लागेल त्याचा. दुसरा जमिनीचा, म्हणजे तिथवर पोहोचणं किती अवघड त्याचा. जमिनीला १ असेल तर सपाट, सोपी वाट. ५ असेल तर खास साधन लागणार: बोट, गिर्यारोहणाचा दोर किंवा फोर बाय फोर गाडी. शिवाय त्या जागी ऑफरोड गाडी किंवा मोटरसायकल नेता येते का, याची वेगळी खूणही माहितीत असते. आपल्या कामाची माहिती इथे आहे. निघण्याआधी हे तीनही बघायचं.

सुरुवात एका सरकारी निर्णयातून

जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची व्यवस्था. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे यंत्रावर दिसणारी जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असायची. शंभर मीटरच्या चुकीत डबा कसला सापडतोय! १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्याकडच्या महाराष्ट्र दिनी, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. जगभरातली यंत्रं एका रात्रीत कित्येक पटींनी अचूक झाली. एकाही यंत्रात बदल करावा लागला नाही.

३ मे २००० ला ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या कॉम्प्युटर सल्लागाराने जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. हेतू एवढाच की आता हे आकडे वाचून कोणी बरोबर तिथे पोहोचतंय का ते बघावं. लोक काही दिवसांतच पोहोचले. त्याच महिन्यात ‘जिओकॅशिंग’ हे नाव पडलं आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केली. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आहेत. भारतात त्या मानाने फार कमी, आणि जे आहेत ते बरेचसे मोठी शहरं आणि पर्यटनस्थळांच्या आसपास.

फोनला जागा कळते कशी?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत. तो सिग्नल आपल्यापर्यंत यायला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात. किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा कळायला हवी, पण फोनमधलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं पक्कं नसतं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरचा घोळ. म्हणून चौथा उपग्रह लागतो, तो घड्याळाची चूक काढण्यासाठी.

इथे एक गैरसमज दूर करूया. ‘रेंज नसली की जीपीएस चालत नाही’ असं अनेक जण म्हणतात. तसं नाही. उपग्रहाचा सिग्नल आणि मोबाइलचा टॉवर यांचा एकमेकांशी संबंध नाही. इंटरनेट असेल तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोनला पटकन मिळते, एवढंच. ते नसेल तर फोन तीच माहिती थेट उपग्रहाकडून घेतो आणि त्याला वेळ लागतो, कधी अर्धा मिनिट, कधी काही मिनिटं. रेंज गेल्यावर दिसेनासा होतो तो नकाशा. म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवायचा.

आपल्या इस्रोची ‘नाविक’ व्यवस्थाही आता मदतीला आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविक त्या ‘एल-१’ पट्ट्यातही सिग्नल देऊ लागलं, ज्यावर साध्या फोनमधलं जीपीएस चालतं. तुमचा फोन जितक्या जास्त उपग्रहांचं ऐकेल तितकं चांगलं, विशेषतः डोंगराच्या कुशीत, जिथे अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि कड्यावर आपटून आलेला सिग्नल फोनला फसवतो.

तीन गुंठ्यांचं वर्तुळ

आता अचूकतेचा हिशोब. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आत असते. पण डबा ठेवणाऱ्याच्या फोनचीही तेवढीच चूक असते. दोन्ही एकाच दिशेला पडल्या तर तुम्ही डब्यापासून १० मीटर लांब उभे राहून ‘पोहोचलो’ म्हणाल. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापात तीन गुंठे. एवढ्या जागेत बांध, बाभूळ, दगडाचा ढीग, जुनी विहीर असं काहीही असू शकतं.

म्हणून शेवटच्या टप्प्यात फोन खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. कोणता दगड जरा जास्तच नीट रचलाय? कोणत्या ढोलीसमोरचं गवत दबलंय? सॅटेलाइट तुम्हाला तीन गुंठ्यांपर्यंत सोडतं, पुढचं तुमच्यावर.

आकडे वाचायची पद्धत: इथे भलेभले फसतात

जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. गुगल मॅप्स दशांश अंश दाखवतं. तिसरी पद्धत अंश-मिनिट-सेकंदांची. तिन्ही पद्धतींतले आकडे दिसायला इतके सारखे की गडबड होणारच.

शेवगावच्या आसपासचा एक अक्षांश घेऊ: उत्तर १९° २१.५००′. म्हणजे १९ अंश आणि साडेएकवीस मिनिटं. दशांश अंशात हेच १९.३५८३३ होतं.

कोणी ते २१ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं तर? आपल्या भागात अक्षांशाचा एक मिनिट साधारण १,८४५ मीटरचा. चूक झाली एक तृतीयांश मिनिटाची, म्हणजे तुम्ही सहाशे मीटरपेक्षा जास्त उत्तरेला जाणार.

आणि कोणी सरळ १९.२१५०० टाकलं तर? मग चूक जवळपास १६ किलोमीटरची. शेवगावजवळचा डबा शोधायला निघालेली गाडी पाथर्डीच्या बाजूला कुठेतरी शिवारात उभी राहील आणि फोन ठामपणे सांगेल की आपण बरोबर जागी आहोत. फोन खोटं बोलत नाही, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

उपाय सोपा आहे. आकडे टाकल्यावर आधी नकाशावर बघा की ती खूण अपेक्षित गावाजवळ पडतेय का. एक मिनिट लागतो, डिझेल वाचतं.

बाण सरळ असतो, रस्ता नसतो

आता खास गाडीवाल्यांसाठी. जिओकॅशिंगचं ॲप एक बाण दाखवतं आणि एक अंतर, समजा ३४० मीटर. हे अंतर पक्षी उडेल तसं. मध्ये ऊस आहे, चारी आहे की विहीर आहे हे बाणाला माहीत नसतं. पायी फिरणाऱ्याला त्याचा फारसा फरक पडत नाही. फोर बाय फोरवाल्याला पडतो, कारण हातात अशी गाडी असली की सरळ घालायचा मोह होतो. या छंदातलं खरं कौशल्य तो मोह आवरण्यात आहे: गाडी कुठे थांबवायची हे ठरवणं.

नेहमीचं नेव्हिगेशन ॲप इथे फार उपयोगी नाही. ती ॲप्स तुमची जागा जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतात. हायवेवर ते सोयीचं असतं, पण शिवारात तुम्ही बांधावर उभे असलात तरी ॲप म्हणेल डांबरी रस्त्यावर आहात. त्याऐवजी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप्स वापरा. ती ऑफलाइन चालतात, त्यांत कच्च्या वाटाही दिसतात आणि जीपीएक्स फाइल उघडते. जीपीएक्स म्हणजे ठिकाणं आणि वाटा साठवायची साधी फाइल. मित्राने पाठवली की तुमच्या फोनवर त्याची वाट जशीच्या तशी दिसते.

एक जुना नकाशाही पाहण्यासारखा आहे: आपल्या गावाचा भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. पाणंद कुठून जाते, शिवेचा रस्ता कुठला, हे त्यातून कळतं. अर्थात कागदावरची पाणंद जागेवर असेलच असं नाही, ती कधी काट्यांनी भरलेली असते, कधी नांगरलेली. पण निदान वाट वहिवाटीची आहे की कोणाच्या सातबाऱ्यातून जाते, एवढा अंदाज येतो.

मग माती. शेवगाव तालुक्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या त्यामुळेच. पावसानंतर ती टायरच्या नक्षीत भरते आणि दोन फेऱ्यांत महागडा ऑल-टेरेन टायर गुळगुळीत गोळा होतो. अशा वेळी फोर बाय फोरचा फायदा एवढाच की दोनाऐवजी चारही चाकं जागेवर फिरतात. वाळूत टायरची हवा कमी केली की गाडी तरते. ओल्या काळ्या मातीत ती युक्ती फारशी चालत नाही, कारण अडचण वजनाची कमी आणि पकडीची जास्त असते. आमच्याकडे म्हणूनच म्हणतात, खरा ऑफरोडर ट्रॅक्टर. सगळ्यांच्या गाड्या शेवटी तोच बाहेर काढतो.

याचा खेळाशी संबंध काय? डब्याच्या जमिनीचा गुण बारा महिने सारखा राहत नाही. फेब्रुवारीत जी जागा २ गुणांची, ती ऑगस्टमध्ये ५ ची होते. त्यामुळे तुम्ही डबा ठेवणार असाल तर माहितीत महिना लिहा: ‘पावसाळ्यात गाडी डांबरीवरच लावा, तिथून चालत वीस मिनिटं.’ हे एक वाक्य कोणाचा तरी रविवार वाचवेल.

नाथसागरच्या काठावर: उंचीचा घोळ

शेवगावच्या उत्तरेला जायकवाडीचा नाथसागर. धरण पूर्ण झालं १९७६ मध्ये. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला मैलोन् मैल सपाट जमीन उघडी पडते. ऑफरोडवाल्याला वाटतं, वा, वाळवंटच! पण त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली, ती जमीन रिकामी नसते. बऱ्याच ठिकाणी लोक गाळपेर करतात, उतरत्या पाण्यामागे पिकं घेतात. दुसरी, वरचा थर वाळून कडक झालेला असतो आणि खाली गाळ ओला असतो. माणूस चालून जातो, दोन टनांची गाडी त्या पापुद्र्यातून खाली जाते. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, हा जलाशय १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि त्यात शेवगाव तालुक्याचा काठही येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं घरटं म्हणजे चार खडे आणि एक खळगा. चाकाखाली गेलं तरी चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. थोडक्यात, काठावर गाडी घालायची नाही आणि डबाही ठेवायचा नाही. सार्वजनिक रस्त्यावरून पाणी बघा, पक्षी बघा आणि पुढे चला.

अभयारण्याबाहेर, कोणत्याही लहान तलावाजवळ डबा ठेवताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. तलाव भरल्यावर पाणी कुठवर येतं याचा अंदाज फोनच्या उंचीवरून घेऊ नका. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. नकाशावरची उंची असते समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरपेक्षा जास्त फरक आहे. उदाहरणार्थ, जायकवाडीची पूर्ण पाणीपातळी आहे १,५२२ फूट, म्हणजे साधारण ४६४ मीटर. त्याच पातळीवर उभं राहिल्यावर एखादं ॲप चारशेच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा दाखवू शकतं. ॲप बिघडलेलं नसतं, फक्त समुद्रसपाटीची दुरुस्ती न करता आकडा दाखवत असतं. त्यापेक्षा गावात विचारा, ‘तलाव भरला की पाणी कुठपर्यंत येतं?’ लोक हात करून नेमकं झाड दाखवतात.

डबा कुठे ठेवायचा नाही

जिओकॅशिंगचे स्वतःचे नियम आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, कुत्री आणि मुंग्या तुमच्याआधी पोहोचतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. आपल्याकडे मला यात आणखी काही गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

बेवारस डबा दिसला की पोलिसांना कळवा, असं आपल्याला लहानपणापासून बसस्टँडवर ऐकवलंय, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे एसटी स्टँड, बाजार, पूल, शाळा, देवस्थान, सरकारी कार्यालय इथे डबा ठेवायचाच नाही. स्टीलचा बंद डबा तर कुठेच नको. आत काय आहे ते बाहेरून दिसेल असा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे. जागामालकाच्या परवानगीने ठेवला आहे,’ आणि खाली संपर्क.

जुन्या देवळात, बारवेत, वेशीत दगड हलवून काही ठेवू नका. आमच्याजवळ घोटणला मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे. अशा जागी जावं, बघावं आणि हात न लावता यावं. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या लष्कराच्या सरावाच्या हद्दीत तर खेळाचा विचारही नको, तिथे गोळीबाराचा सराव चालतो. आणि सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र कोणी परदेशातून आणलं असेल तर ते दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही. साध्या जीपीएस यंत्राला किंवा फोनला ही अडचण नाही.

मग काही ठेवायचंच नसेल तर खेळायचं कसं? त्यासाठी ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे, २००४ पासून चालू असलेला. त्यात डबा नसतो. अक्षांश-रेखांश तुम्हाला एखाद्या भूवैज्ञानिक जागेपाशी नेतात, तिथे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. वाहत्या पाण्याने दगडगोटे गरगर फिरवून बेसाल्टमध्ये कोरलेले. अर्थकॅशचा विषय कसा असावा याचा तो नमुनाच आहे. गाडी वर लावायची, पात्रात चालत उतरायचं आणि पाण्याला जोर असेल तेव्हा उतरायचंच नाही.

आम्ही कसं खेळतो

आमच्या भागात डबे जवळपास नाहीतच, म्हणून आम्ही चार मित्रांनी आपसातच खेळ सुरू केलाय. प्रत्येक वेळी एक जण तीन ठिकाणं निवडतो आणि जीपीएक्स फाइल पाठवतो. त्यांतल्या दोन ठिकाणी डबा नसतो, फक्त प्रश्न असतो. ‘या मैलाच्या दगडावर कोणत्या गावाचं अंतर लिहिलंय?’ किंवा ‘या विहिरीला पायऱ्या किती?’ तिसऱ्या ठिकाणी डबा असतो, आणि तो ओळखीच्याच रानात. पहिला डबा एका मित्राच्या शेतात, बांधावरच्या बाभळीला ठेवला. त्याच्या वडिलांना विचारलं तर काका म्हणाले, “ठेवा की. फक्त बांध उकरू नका.” जिओकॅशिंगचा न पुरण्याचा नियम काकांनी न वाचताच सांगितला.

एकदा पावसाळा संपता संपता आम्ही असेच निघालो होतो. बाण दाखवत होता ३४० मीटर. समोर तुरीचं रान, कडेने एक गाडीवाट, वरून बऱ्यापैकी वाळलेली. बांधावर एक बाबा बसले होते. आम्ही गाडी थांबवून विचारलं, “बाबा, पुढे गाडी जाते का?” त्यांनी आधी टायरकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“गाडी इथंच लावा पोरांहो. वरून वाळल्यासारखं दिसतंय, पण चारीचं पाणी झिरपतंय खालून. काल ट्रॅक्टर फसला.”

गाड्या तिथेच लावून चालत गेलो. सात मिनिटं लागली. बाबांना दाखवलेली माहिती कोणत्याही सॅटेलाइट फोटोत नव्हती, कारण चारीला पाणी सुटून तीनच दिवस झाले होते. त्या दिवसापासून आमच्या खेळात एक नियम आहे: बाण शेतातून जात असेल तर आधी माणूस शोधायचा, मग वाट. दिवाळीनंतर शिवारात मेंढपाळांचे वाडे पडतात. त्यांच्याइतक्या वाटा कोणालाच माहीत नसतात. फक्त गाडी लांब थांबवा, मेंढरं बुजतात.

सुरुवात करायची तर

या रविवारी सुरू करायचं असेल तर एवढं पुरे:

१. फोनवर जिओकॅशिंगचं ॲप घ्या. अँड्रॉइडवर सी-जिओ हे मोफत, ओपन सोर्स ॲपही आहे. वेगळं जीपीएस यंत्र घ्यायची गरज नाही.

२. पहिला डबा शहरात, पायी शोधा. पुणे-मुंबईला कामानिमित्त जाणं होतंच. डबा दिसतो कसा, लपवतात कसा, हे एकदा कळलं की पुढचं सोपं.

३. ऑफलाइन नकाशा घरीच डाउनलोड करा. आकडे कोणत्या पद्धतीत लिहिलेत ते तपासा.

४. फोनचा होकायंत्र-बाण गाडीत बघू नका. गाडीचं लोखंड आणि मोबाइल होल्डरमधलं चुंबक त्याला भरकटवतात. खाली उतरा, चार पावलं लांब जा, मग बघा.

५. कच्च्या वाटेला एकटी गाडी नको, दोन हव्यात. ओढायचा पट्टा, फावडं, हवा भरायचा पंप, भरपूर पाणी. घरी वाट आणि परत यायची वेळ सांगून निघा. जिथे रेंज नाही तिथे हीच तुमची सुरक्षा.

६. वाट सुरू होते तिथे ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा. अंधार पडला तर आल्या वाटेने परत येता येतं.

७. पेरलेल्या रानात चाक नको. ओल्या पाणंदीतही नको. तुम्ही पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढचे चार महिने त्यातून बैलगाडी आणि दुधाची मोटरसायकल जाते.

शेवटच्या मुद्द्यावर मी थोडा अडून बसतो, त्याला कारण आहे. हा छंद आपल्याकडे नवा आहे. गावातल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलेली ऑफरोड गाडी कशी वागली, यावर पुढच्या दहा गाड्यांचं स्वागत ठरणार आहे. बांध मोडला तर उद्या पाणंदीच्या तोंडाला काटे पडतील, आणि ते पडायलाच हवेत. विचारून आलात, गाडी कडेला लावलीत, चालत गेलात, तर पुढच्या वेळी कोणीतरी स्वतःहून सांगेल की पलीकडे एक जुनी बारव आहे, ती बघितली का?

आमच्या यादीतली निम्मी ठिकाणं अशीच मिळालीत. कोणत्याच नकाशावर ती नव्हती. आता आमच्या जीपीएक्स फाइलमध्ये आहेत.